उजव्या हाताचे सोळा

"पाचशे बारा!" बाबा पडवीतून ओरडले.

आई मागच्या दारी सुका जवळा निवडत बसली होती. सूप तसंच टाकून ती धावत आली. लॅपटॉपच्या पडद्याकडे तिने एकदा बघितलं, त्यातलं तिला काडीचंही कळत नव्हतं, आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली. खिळ्याला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल घेऊन त्या दिवसाच्या चौकटीत तिने ठसठशीत लिहिलं, ५१२.

"चार दिवस दोनशे छप्पन्नावर अडकलेला ना वो?"

"आज सुटला," बाबा म्हणाले. उजवा हात त्यांनी बटणांवरून उचलून मांडीवर घेतला. म्हणजे डाव्या हाताने उचलून घेतला.

"भगवती पावली," आई म्हणाली आणि मला हाक मारून म्हणाली, "गो रुचिरा, तुझ्या त्या गेमनं घर सावरलान बघ."

मी फुगले. का नाही फुगणार? गेम मीच शोधून दिला होता. सावंतांच्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारी मी मुलगी, माझ्यामुळे घरात काही चांगलं व्हायची ही पहिलीच वेळ.

माझे वडील, खंडू तांडेल. कासारवेलीत विचारलंत तर घर कुणीही दाखवील. तेवीस वर्षं त्यांनी हरिश्चंद्रकाकांची लाँच चालवली. तांडेल म्हणजे लाँचवरचा शब्द त्याचा. मालक किनाऱ्यावर, समुद्रात तांडेल. त्याला प्रश्न विचारायचा नसतो, आणि तोच घात झाला. शिमगा आटोपून लाँच पुन्हा समुद्रात गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी, जयगडच्या पुढे, सुकाणूवर असताना बाबांचा उजवा हात सुटला. लाँच गोल गोल फिरायला लागली. खलाशांना वाटलं, तांडेलाला मासळीचा अंदाज आलाय, काहीतरी डाव टाकतोय. अर्धा तास कुणी वळून बघितलं नाही. बघितलं तेव्हा बाबा फळीवर कलंडले होते आणि तोंड वाकडं झालं होतं.

वाचा दहा दिवसांत आली. पाय महिन्याभरात उचलायला लागला, थोडा ओढत का होईना. हात मात्र आला नाही. खांद्यापासून नुसता लोंबायचा.

हरिश्चंद्रकाका दवाखान्यात आले तेव्हा रडले होते. बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. म्हणाले, "खंड्या, नारळी पुनवेपर्यंत तुझी जागा मी कुणाला देत नाय. पुनवेच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन येतो. हात पुढे कर, म्हणजे झाला."

ही आमच्या लाँचवरची रीत. पावसाळ्याची बंदी उठते, नारळी पौर्णिमा येते, तिच्या आदल्या दिवशी मालक तांडेलाच्या घरी नारळ घेऊन येतो आणि त्याच्या उजव्या हातात देतो. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने तांडेल तो नारळ समुद्राला वाहतो आणि हंगाम सुरू होतो. कागद नाही, सही नाही. नारळ हातात घेतला की वर्षभराचा तांडेल ठरला. तेवीस वर्षं तो नारळ आमच्याच घरात आला होता.

शहरातल्या दवाखान्यात नम्रता मॅडम हाताचे व्यायाम शिकवायच्या. चेंडू दाबायचा, वाटाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. बाबांनी वाटाणे बघितले आणि मान फिरवली. बावन्न हातांचं जाळं ओढणाऱ्या माणसाला वाटाणे निवडायला सांगितल्यावर तो दुसरं काय करणार? तेव्हा मीच म्हटलं, "मॅडम, एक गेम आहे. लॅपटॉपवर नुसता उघडायचा. चार बाणांची चार बटणं, बाकी काही लागत नाही."

मॅडमनी बघितला, त्यांना आवडला. "चालेल. फक्त दोन गोष्टी. रोज नवा डाव मांडायचा, आणि उजव्या हातानेच खेळायचं. डावा पाठीमागे." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पहिले सहा महिने महत्त्वाचे असतात. ह्या दिवसांत हाताला जेवढं परत आणाल तेवढं तुमचं. पुढे फार कठीण जातं."

गेम अगदी साधा. सोळा घरांचा चौकोन. त्यात दोनाच्या, चाराच्या सोंगट्या येतात. बाण दाबला की सगळ्या सोंगट्या त्या दिशेला सरकतात. दोनाला दोन भिडले की चार, चाराला चार भिडले की आठ. असं करत दोन हजार अठ्ठेचाळीसपर्यंत जायचं. दर खेपेला एक नवी सोंगटी कुठेतरी टपकते, आणि सगळी घरं भरून हलायला जागा उरली नाही की डाव बुडाला.

पहिले सहा आठवडे बाबा खरोखर उजव्या हाताने खेळले. हे मी शपथेवर सांगेन, कारण शेजारी मी बसायचे. एक बटण दाबायला अर्धं मिनिट लागायचं. कपाळावर घाम यायचा. तीस-पस्तीस वेळा दाबलं की हात बटणावरून घसरून पडायचा, की त्या दिवशीचा डाव तिथेच संपला. सोंगटी असायची चौसष्टची. आई कॅलेंडरवर लिहायची, ६४. दुसऱ्या दिवशी परत ६४. एखाद दिवशी ३२. वैशाख आख्खा चौसष्टांनी भरून गेला.

एकदा आई म्हणाली, "चौसष्टाच्या म्होरं काय हायच नाय काय ह्या गेमात?" तिच्या मनात काही नव्हतं, ती आपली सहज बोलली. पण बाबांचा चेहरा मी बघितला.

पाऊस लागला आणि बाबांनी फर्मान काढलं की खेळताना शेजारी कुणी बसायचं नाही, ध्यान जातं. आई मागल्या दारी, मी दुकानात. आणि मग एका संध्याकाळी कॅलेंडरवर १२८ आला. त्यानंतर २५६. आईचं जमिनीवर पाऊल ठरेना. सुकी मासळी घेऊन ती बाजारात बसते, तिथे तिने बायकांना सांगितलं. बायकांनी नवऱ्यांना सांगितलं. जेटीवर जाळी विणत बसलेल्यांना पावसाळ्यात दुसरं काम काय? बाबा लंगडत तिथवर गेले की हाळी यायची, "खंडूदा, आज किती गावला?" जशी काय मासळीच. बाबाही ऐटीत सांगायचे, "दोनशे छप्पन्न."

हरिश्चंद्रकाकांनी तर स्वतःच्या मोबाइलवर तो गेम उघडून घेतला. आठवडाभर डोकं आपटलं आणि घरी येऊन म्हणाले, "मेल्या, दोन धड हात घेऊन मी एकशे अठ्ठावीसावर मरतोय आणि तू एका आजारी हातानं दोनशे छप्पन्न? कसा करतोस?"

तेव्हा बाबांनी त्यांना शिकवलं. मीही ऐकत होते. "हरी, सगळ्यात मोठा आकडा कोपऱ्यात बांधायचा. खालच्या कोपऱ्यात. लाँच धक्क्याला बांधतो तशी. आणि मग वरचा बटण दाबायचाच नाय. काय वाट्टेल ता होऊ दे. वरचा दाबलास की दोर सुटला, मोठा आकडा मधी आला, नि त्याच्या बुडाखाली दोनाची सोंगटी शिरली, की मेलास."

"आणि नवीन सोंगटी भलतीकडे आली तर?"

"येणारच. दोन येतो का चार, नि खय येतो, ता आपल्या हातात नाय. आपण आपली जागा मोकळी ठेवायची."

इतकं सलग बोलताना मी त्यांना आजारानंतर पहिल्यांदा ऐकत होते. त्यांना गेम खरंच कळला होता. सातवी शिकलेला माणूस, पण पुढच्या चार खेळ्या आधी बघायचा. जाताना काका आईला म्हणाले, "वहिनी, जयगडचा एक पोरगा विचारत होता तांडेलकीला. सोहम नाव. त्याला नाय सांगतो आता."

त्याच आठवड्यात आईने बाबांना नम्रता मॅडमकडे नेणं बंद केलं. एस.टी.त चढताना बाबांचा पाय घसरायचा, पावसात हाल व्हायचे, ते खरंच. पण कारण ते नव्हतं. "आकडा चढतोय ना? मग त्या बाईला दाखवायचा काय?" तिचं म्हणणं. जेवताना हात घास उचलत नाही हे तिलाही दिसत होतं. ती स्वतःच कालवून भरवत होती. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. भरतीचं पाणी आधी खाडीत आतून चढतं, काठावर मागाहून दिसतं. बाबा मान हलवायचे. "बोटात आलाय जोर. मनगटात यायचा हाय."

पाचशे बारा झाले त्यानंतर आठ दिवसांनी दुकानातले लाइट गेले. सावंत म्हणाले, घरी जा. मी भर दुपारी घरी आले. आई बाजारात होती. पडवीच्या खिडकीतून मला बाबांची पाठ दिसली आणि बटणांचा आवाज ऐकू आला. टकटक, टकटक, थांबून, पुन्हा टकटक. अर्ध्या मिनिटाचं काही कामच नव्हतं.

ते डाव्या हाताने खेळत होते. उजवा हात मांडीवर पडला होता, उलटा, पंजा वर.

माझी चप्पल वाजली. बाबांनी झटकन डाव्या हाताने उजवा उचलून बटणांवर ठेवला आणि डावा पाठीमागे नेला. मग वळून बघितलं. मी खिडकीतच उभी होते. दोघांनाही कळलं की दोघांनाही कळलंय.

मी आत गेले. "बाबा, कधीपासून?"

"एकशे अठ्ठावीसापासून."

"मॅडम म्हणाल्या होत्या, हे दिवस परत येणार नाहीत. हाताला आत्ता व्यायाम नाही झाला तर..."

"दीड महिना केला ना गो! तू बसलेलीस ना बाजूला? चौसष्टाच्या म्होरं जात नाय तो हात. आणि तुझी आई रोज येऊन इचारते, किती. रोज. मी काय सांगू तिला?" मग पडद्याकडे बोट दाखवून ते लहान मुलासारखे म्हणाले, "पण ह्यो बघ. हजार चोवीस हुतोय आज. सहा खेळ्यांत हुतोय. डाव्यानं असला तरी खेळतोय मीच ना?"

झालेच हजार चोवीस. माझ्यासमोर सातव्या खेळीत झाले. बाबांच्या डोळ्यांत जे काही आलं ते मी कितीतरी महिन्यांनी बघत होते.

"पुनवेपर्यंत गप रव," ते म्हणाले. "तवर येईल हात. सांगता येत नाय, आपोआप येतो कधी कधी."

आणि मी गप्प राहिले. आज विचाराल तर मला त्याचं कारण देता येत नाही. आईला इतक्या दिवसांनी झोप लागत होती, हे एक. बाबा जेटीवर जात होते, हे दुसरं. पण खरं सांगायचं तर मलाही ते आकडे हवे होते. त्या संध्याकाळी आईने कॅलेंडरवर १०२४ लिहिलं. चौकटीत मावेना, म्हणून शेवटचा चार शेजारच्या दिवसात गेला. मी बाजूला उभी राहून बघत होते. मॅडमचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये होता. मी फोन केला नाही.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सकाळी दोन हजार अठ्ठेचाळीस झाले. बाबा ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, "झाला." आईने देवापुढे दिवा लावला, साखर वाटली, नारळाच्या वड्या थापायला घेतल्या. नवं लुगडं नेसून शेजारच्या सोनूबाई पडद्यावरचा आकडा बघून गेल्या.

चारच्या सुमाराला हरिश्चंद्रकाका आले. मागे चार खलाशी. नारळाला सोनेरी कागद लावलेला. बाबा खुर्चीत बसले होते, अंगात पांढरा सदरा, बटणं आईने लावलेली. काकांनी नारळ पुढे केला. "घे तांडेल. दर्याला सांगितलंय, खंडू येतोय म्हणून."

बाबांनी डावा हात पुढे केला.

काका हसले. "उजवा, उजवा. इसरलास काय रीत?"

बाबा हलले नाहीत. माझ्याकडे त्यांनी एकदा बघितलं. त्या क्षणीही मी बोलू शकले असते. आईला वाटलं, एवढ्या माणसांसमोर ते संकोचले. "लाजतायत," ती हसत म्हणाली, "अवो, दोन हजारचा हात तो!" आणि तिने स्वतः त्यांचा उजवा हात उचलला, पंजा उघडला, काकांकडून नारळ घेऊन त्यात ठेवला आणि बोटं मिटवून हात सोडला.

नारळ पडला. आधी खुर्चीच्या पायावर आपटला, मग गडगडत उंबऱ्याशी जाऊन थांबला. सोनेरी कागद एका बाजूला फाटला.

आईने आधी नारळाकडे बघितलं, मग त्या हाताकडे, मग कॅलेंडरकडे. तिला किती वेळ लागला कळायला ते मी सांगू शकत नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं आणि तिला हेही कळलं की मला ठाऊक होतं.

काका वाकले, नारळ उचलला, उपरण्याने पुसला. पडलेला नारळ दर्याला वाहत नाहीत. "होता असा कधी कधी," ते म्हणाले, कुणाला उद्देशून ते त्यांनाही माहीत नसावं. वड्या ताटात तशाच राहिल्या. खलाशी एकेक करून पायऱ्या उतरले. दाराशी काका थांबले. "खंड्या, तू आधी सांगितला असतास तर मी काय तुला टाकला असता काय रे?"

"टाकला नसतास," बाबा म्हणाले. "पण तांडेल पण केला नसतास."

दुसऱ्या दिवशी जयगडच्या सोहमने नारळ वाहिला. ढोल आमच्या घरापर्यंत ऐकू येत होते. बाबा पडवीत बसून होते. आईने बाजाराला दांडी मारली. पुढेही आठवडाभर ती गेली नाही. मला म्हणाली, "किती जणींना सांगितला मी. बोंब मारून सांगितला." बाबांना एवढंच म्हणाली, "मला तरी सांगायचात." त्यानंतर दोघांशी बोलणं बंद. बाबांना घास भरवायची, पण तोंडाकडे न बघता.

मी बाबांना घेऊन नम्रता मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हात उचलून बघितला, बोटं एकेक करून बघितली. "आखडलाय," म्हणाल्या. "व्यायाम करत राहा. आहे तेवढा तरी टिकेल." परत येईल असं त्या म्हणाल्या नाहीत. परतीच्या एस.टी.त बाबा खिडकीकडे तोंड करून बसले आणि पूल लागला तेव्हा म्हणाले, "तुझी चूक नाय." होती. आमच्या दोघांचीही होती.

कॅलेंडरवर दिवसांच्या चौकटी कोऱ्या जाऊ लागल्या. महिन्याचं पान उलटायलाही कुणी गेलं नाही, ते मीच उलटलं.

भाद्रपदातल्या एका रविवारी बाबांनी लॅपटॉप मागितला. मी उघडून दिला. गेममध्ये वरच्या कोपऱ्यात आजवरचा सगळ्यात मोठा डाव लिहिलेला राहतो. त्याच्याकडे बघून बाबा म्हणाले, "तो वरचा पुसता येतो काय?"

"येतो."

"पूस."

मी पुसला. तिथे शून्य आलं. बाबांनी डावा हात पाठीमागे नेला, खुर्चीच्या पाठीत खुपसून ठेवला. मी उजवा उचलून बटणांवर ठेवायला पुढे झाले तर म्हणाले, "रव." खांद्याने हिसके देत देत त्यांनी तो हात स्वतःच टेबलावर आणला. त्यालाच किती वेळ गेला. मग एक बटण. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरं. चुकून वरचं दाबलं गेलं, सोंगट्या वर गेल्या. त्यांनी तोंडातून च्च केलं, पण थांबले नाहीत. नवव्या की दहाव्या बटणानंतर हात घसरला आणि टेबलावरून खाली लोंबत राहिला. वैशाखात हाच हात पस्तीस वेळा दाबत होता.

आई मागच्या दारात उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही. हातात सूप तसंच.

"किती?" तिने विचारलं.

"सोळा," बाबा म्हणाले.

तिने सूप खाली ठेवलं. पदराला हात पुसले. खिळ्याची पेन्सिल बोथट झाली होती, ती तिने विळीवर तासून आणली आणि रविवारच्या चौकटीत लिहिलं, १६.